१.४ची अॅडजस्टमेंट

प्राइम लेन्सच्या प्रेमात पडलेल्यांचा एक कॉमन प्रॉब्लेम असतो. झूम नाही, म्हणजे मधलं काहीच नाही! माझ्या बॅगेत ५०, १३५ आणि ३०० एमएम. तिघीही गुणी, पण १३५ आणि ३००च्या मधली जागा अगदीच रिकामी. त्यावर सीनियर मंडळींचा ठरलेला सल्ला : 'पायांनी झूम कर ना!'

या सल्ल्याचं काय होतं ते बघायला पावसाळ्यात नळदुर्गला जा. सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की धाराशिव जिल्ह्यातला हा किल्ला लागतो. बोरी नदीवर दगडी बंधारा आणि त्याच्याच पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १७व्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. नदीला भरपूर पाणी आलं की बंधाऱ्यावरून दोन धबधबे कोसळतात, नर आणि मादी. एका असाइनमेंटसाठी मला दोन्ही एका फ्रेममध्ये हवे होते. १३५मध्ये ते बारीक दिसत होते, ३००मध्ये एकच मावत होता. पायांनी झूम करायचं तर पुढे तटबंदी संपते आणि खाली पाणी!

तेव्हा कामाला आला तो १.४एक्स टेलिकन्व्हर्टर. बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारा छोटासा डबा. १३५ गुणिले १.४, म्हणजे १८९ एमएम. दोन्ही धबधबे फ्रेममध्ये!

तुम्ही म्हणाल, मग सरळ २०० एमएमच का नाही घेतली? माझंही तेच ठरत होतं. पण फ्रीलान्सरच्या चेकला तारीख नसते, ईएमआयला मात्र असते. शिवाय कॅननची २०० एफ/२.८ वजनाला ७६५ ग्रॅम आणि त्यांचा १.४एक्स कन्व्हर्टर २२५ ग्रॅम. एसटीनं फिरणाऱ्या खांद्याला हा फरक चांगलाच कळतो.

'क्रॉप कर की,' असंही कुणी म्हणेल. पण तेवढंच क्रॉप केलं तर २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १२ उरतात.

अर्थात, फुकट काहीच नाही. १.४एक्स एक स्टॉप प्रकाश खातो, २एक्स दोन. फोकस थोडा मंदावतो आणि लेन्सचे दोषही मोठे होऊन दिसतात. शिवाय तो सगळ्यांशी जमवून घेत नाही. कॅननच्या कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते, त्यामुळे त्यांच्या ८५ एफ/१.८वर तो बसतच नाही.

खरी गंमत हिशेबात आहे. माझी १३५ एफ/२ची. एक स्टॉप गेला तरी हातात १८९ एफ/२.८ उरते, म्हणजे त्या महागड्या २००च्या जवळपास. तोच कन्व्हर्टर ३०० एफ/४वर लावला, की होते ४२० एफ/५.६. भर उन्हात मस्त. पण नळदुर्गला ढग दाटून आले आणि शटर स्पीड असा घसरला की तटावरचे पक्षी नुसते धूसर डाग झाले. ज्या लेन्सकडे प्रकाश शिल्लक आहे, तिच्याकडूनच उधारी मागावी.

म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते : दोन मध्यम लेन्स घेण्यापेक्षा एक मोठ्या अॅपर्चरची घ्या. मधली जागा भरायला १.४ आहेच!