झाकून आणि वाकून

‘आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून’ ही म्हण आपल्याकडे निंदेसाठीच वापरली जाते. विमानांच्या देखभालीत हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांना मात्र तिचा उत्तरार्ध म्हणजे रोजचे कर्तव्य होते. उड्डाणापूर्वी विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालायची आणि रात्रपाळीने जे झाकून ठेवले असेल ते वाकून पाहायचे.

येथे ‘वाकून’ हा शब्द शब्दशः घ्यावा. एअरबस ए३२० कुळातील विमानांत इंजिनाच्या पंख्यावरील आवरणाच्या कड्या अगदी तळाशी असतात. उभ्याने पाहिले तर लागलेले आणि न लागलेले आवरण जवळजवळ सारखेच दिसते. २४ मे २०१३ रोजी हीथ्रोहून ऑस्लोला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ए३१९ विमानाची दोन्ही इंजिनांवरील आवरणे उड्डाण घेतानाच उडून गेली. रात्री काम अर्धवट ठेवून गेलेले तंत्रज्ञ परतले ते चुकून दुसऱ्याच विमानापाशी. तेथील कड्या लागलेल्या पाहून, काम कुणीतरी पुरे केले असावे, असा त्यांचा समज झाला. सकाळच्या तपासणीतही दोष कुणाच्या नजरेस पडला नाही. सुदैवाने विमानातील सर्व ८० जण वाचले.

ज्यांनी मुद्रिते तपासली आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. पाठ असलेला मजकूर तपासताना डोळा कागदावरचे वाचतच नाही, स्मरणातले वाचतो. विमानही रोज पाहून पाठ होते.

२ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून रात्री उडालेले एअरोपेरूचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि ७० जण मृत्यू पावले. विमान धुताना हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. त्यामुळे उंची आणि वेग यांचे आकडेच खोटे ठरले. चंदेरी पत्र्यावर चंदेरी पट्टी, ती अंधारात कुणाला दिसावी? पुढे पट्टी लावणारा कर्मचारी न्यायालयात दोषी ठरला. पण दिसूच नये अशा रंगाची पट्टी त्याच्या हाती आली कशी, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

वाकून पाहण्यालाही मर्यादा आहेत. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी आपल्याच सांताक्रूझहून मद्रासला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅरॅव्हेल इंजिन फुटून पडले आणि ९५ माणसे गेली. काँप्रेसरच्या चकतीत धातूच्या थकव्याने पडलेली भेग बाहेरून दिसणे शक्यच नव्हते. म्हणूनच जे दिसू शकते ते तरी सुटता कामा नये.

एका पहाटे आम्हांला असाच एका इंजिनाखाली उघडा राहिलेला कडीचा जोड दिसला. आवरण लावणारा गृहस्थ आमच्याच भोईवाड्यातला, शेजारच्या चाळीतला. आम्ही वर्षानुवर्षे एकाच गाडीने कामावर जात होतो. तो म्हणाला, “कडी लाव आणि मोकळा हो, लिहायची काय गरज आहे?” कडी लावायला क्षणभर पुरला असता आणि विमान सुरक्षित उडालेही असते. तरी आम्ही वहीत नोंद केली. चौकशी झाली. त्यात निघाले ते असे: दोन माणसांचे काम त्या रात्री तो एकटा करत होता आणि काम चालू असतानाच त्याला दुसऱ्या विमानावर बोलावण्यात आले होते. त्या पाळीला मग दुसरा माणूस मिळाला. पण आमच्या शेजाऱ्याने आमच्याशी कित्येक महिने अबोला धरला. त्याचे दुःख आजही आहे. नोंदीबद्दल खेद नाही.

न सांगता लावलेली कडी एक विमान वाचवते. ती उघडी का राहिली ते कारण तसेच राहते आणि उद्या दुसऱ्या विमानापाशी जाऊन उभे राहते. आमची वस्ती नावाने भोयांची. पालखीला मागून खांदा देणाऱ्याला पुढची वाट दिसत नाही. पुढच्याला खड्डा दिसला, तर त्याने नुसते जपून पाऊल टाकून भागत नाही. मागच्यांना ऐकू जाईल असे सांगावेही लागते. वहीतली ती ओळ आम्ही एवढ्याचसाठी लिहिली.