डिकीतला डाग

गाडी विकायला काढली आणि पहिला फोन आला. पलीकडच्याने एवढंच विचारलं, "त्याचीच ना ती?" मी हो म्हटलं. मग डिकी उघडते का, हा प्रश्न. इंजिनाचं त्याने नावही काढलं नाही.

इंजिनाबद्दल मला मात्र बोलायचं होतं. 1969 ची डॉज चार्जर आर/टी, गडद हिरवी. 440 घनइंचांचं व्ही-8, म्हणजे 7.2 लिटर. पुण्यात मी बाबांच्या 145 सीसीच्या चेतकवर हात बसवला. तशा पन्नास चेतक या एका बॉनेटखाली मावतात, हा हिशेब मी पहिल्याच रात्री करून ठेवला होता. कंपनीच्या कागदावर 375 घोडे. पुढचे दिवे जाळीआड दडलेले. खटका दाबला की इंजिनाच्या व्हॅक्यूमवर झाकणं वर सरकायची. थंडीत मात्र एक डोळा आधी उघडायचा, दुसरा जरा विचार करून. काचेखालच्या नंबरात 'बी' हे अक्षर आहे. म्हणजे ती डेट्रॉइटला खेटून असलेल्या हॅमट्रॅमकच्या कारखान्यात जन्मली. माझ्या घरापासून अर्ध्या तासाचं अंतर. 1980 मध्ये तो कारखाना बंद पडला.

मी ती 1992 मध्ये घेतली, त्याच्या बहिणीकडून. 'त्याच्या' म्हणजे कोणाच्या, हे आमच्या गावात विचारावं लागत नसे. बेकायदा जुगाराची उधारी वसूल करणारा माणूस. नाव घेतलं की सलूनमध्ये कात्री थांबायची म्हणे. तो तुरुंगात गेला, तिथेच वारला, आणि गाडी बहिणीच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नव्याने आलेला इंजिनिअर मी; स्वस्त मिळतेय एवढंच दिसलं.

कळलं ते तिसऱ्या दिवशी. मागून पोलिसांची गाडी, दिवे लागलेले. पिकल्या मिशांचा पोलीस सावकाश चालत आला, वाकून आत पाहिलं, आणि मला बघून त्याचा चेहरा असा पडला, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. लायसन्स न मागताच तो परत गेला.

डिकीची किल्ली वेगळी असते या गाड्यांना, आणि ती हरवलेली होती. कुलूपवाल्याला बोलावलं तर चार शेजारी सहज म्हणून अंगणात येऊन उभे राहिले. 1975 च्या जुलैत कामगार पुढारी जिमी हॉफा ब्लूमफील्डच्या एका हॉटेलसमोरून नाहीसा झाला तो झालाच. तेव्हापासून या भागातल्या प्रत्येक जुन्या डिकीवर लोकांचा डोळा. त्या प्रकरणात तपासली गेलेली गाडी मरून रंगाची मर्क्युरी होती, हे सगळं पेपरात आलेलं आहे. पण अंगणात उभं राहणाऱ्याला तपशील नको असतो. कुलूप निघालं. आत जॅक, दोन चेन आणि वाळूचं अर्धं पोतं. बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून इथे सगळेच ठेवतात तसं. गुंड झाला तरी त्यालाही घसरायची भीती होतीच. शेजारी पांगले. चटई मी स्वतः बाहेर काढून झटकली, धुतली. स्वच्छ होती. हे मुद्दाम सांगतोय.

त्यानंतरची 29 वर्षं सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही नाही. दर तीन हजार मैलांना ऑइल. हिवाळ्यात बॅटरी काढून तळघरात. रस्त्यावर मीठ पडलं की गाडी बाहेर नाही. तरी आधीच्या मिठाने मागच्या चाकावरचा पत्रा खाल्लेला होता, तो मी पुटी भरून सारखा केला. मुलगी याच गाडीतून शाळेच्या शेवटच्या दिवशी घरी आली आणि मैत्रिणींना दिसू नये म्हणून सीटखाली बसली. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे रांगेत उभं राहिलं की लोक येत, माझ्याकडे बघत आणि विचारत, "आधी कोणाकडे होती?" एकाने तर मला मेकॅनिक समजून मालक कुठे गेलाय ते विचारलं.

बदनामीला भाव असतो, हे मला विकताना नीट कळलं. बॉनी आणि क्लाइड ज्या फोर्डमध्ये मारले गेले ती 1934 ची गाडी 1988 मध्ये अडीच लाख डॉलरला गेली; त्यात फोर्ड किती आणि भोकं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याकडची तऱ्हा वेगळी. 2015 मध्ये मुंबईत दाऊदच्या म्हणून लिलावात आलेली एक अ‍ॅक्सेंट कोणी तरी 32 हजारांना घेतली आणि नेऊन जाळली. मला सल्ला देणारा जाणकार म्हणाला, जाहिरातीत पहिल्या ओळीत त्याचं नाव टाक, आकडा आपोआप वाढेल. त्याच्याकडे गाडी सात वर्षं होती. माझ्याकडे त्याच्या चौपट. ऑइलच्या पावत्यांची फाइल मी त्या जाणकारापुढे ठेवली, तर त्याने ती उघडलीही नाही. राग आला. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी जाहिरातीचा तो दुसरा मसुदाही जपून ठेवला होता.

शेवटी ज्याने घेतली तो ओहायोचा, तिशीतला मुलगा. सोबत फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. मागच्या चाकावर ते धरलं आणि चिकटेना, तसे त्याचे डोळे चमकले. "गोळी?" मी म्हटलं, "मीठ." त्याला ते पटलेलं दिसलं नाही. मग त्याने डिकी उघडली, चटईचा कोपरा उचलला आणि गप्प झाला. खाली तळाशी हाताच्या पंजाएवढा तपकिरी-लाल डाग. माझ्याकडे न बघता त्याने हळूच विचारलं, "हे तेव्हाचं आहे का?"

काही क्षण मी बोललो नाही. त्याने आणलेली रक्कम मला ठाऊक होती, आणि ती आणखी वर जाऊ शकते हेही त्याच्या आवाजात होतं.

दारात उभी असलेली ही म्हणाली, "अहो, सांगा ना त्याला. 93 चा दसरा. करंडा तुमच्याच हातून पडला होता."

मी सांगितलं. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची, अवजारांची, वाहनांची पूजा करतात. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू. वारा होता म्हणून करंडा डिकीत ठेवायला गेलो आणि पालथा झाला. ओल्या फडक्याने पुसलं तसं आणखी पसरलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बोटाने डाग चोळला, वास घेतला. मग खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "स्पेलिंग सांगता?"

मी एकेक अक्षर सांगितलं. त्याने लिहून घेतलं, डागाचा फोटो काढला आणि विचारलं, "पण त्याच्या वेळी इथे काहीच नव्हतं, हे नक्की?"

"वाळू होती," मी म्हटलं. त्याने तेही लिहून घेतलं.