हिवाळा अरबी समुद्रात

मिरामारला संध्याकाळी वाळूत बसलं की समोर अरबी समुद्र. लहानपणी मला त्याच्या पलीकडचं एकच गाव ठाऊक होतं, मस्कत. आई तिथे नर्स होती. १९८८ ते १९९६, तब्बल आठ वर्षं. आम्हां दोघां भावंडांना वाढवलं ते बाबांनी. ‘बायल परदेशांत आनी घोव रांदपाक!’ हे वाड्यावरचं कुजबुजणं अजून कानात आहे.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका पक्ष्याचं. लाल मानेचा फॅलारोप. वजन जेमतेम ३५ ग्रॅम. उन्हाळ्यात हा आर्क्टिकच्या दलदलीत घरटं करतो. यांच्यात मादी अधिक रंगीत, नर फिकट. मादी बहुधा चार अंडी घालते आणि निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लांवर लक्ष ठेवणं, सगळं नराकडे!

जाते कुठे? पक्ष्यांच्या पाठीवर ग्रॅमभराहून हलकी यंत्रं बांधून माणसांनी हे शोधलं. यंत्र उजेडाची नोंद ठेवतं, सूर्योदय-सूर्यास्तावरून जागा कळते. शेटलंडमध्ये २०१२ साली यंत्र बांधलेला एक नर अटलांटिक ओलांडून पार पॅसिफिकमध्ये, गालापागोसच्या बाजूला हिवाळा काढून आला. पण स्कँडिनेव्हियातले पक्षी येतात ते आपल्या अरबी समुद्रात. जमिनीवर नाही हं, भर पाण्यात. वर्षातले बरेच महिने ते लाटांवरच असतात. जागच्या जागी भिंगरीसारखे गरगर फिरतात. त्याने खालचं पाणी वर येतं, सोबत बारीक जीव येतात, ते टिपायचे.

ओमानच्या किनाऱ्याजवळ हे खाद्य मुबलक. कारण आपला नैऋत्य मोसमी वारा! जो आपल्याला पाऊस देतो, तोच तिथे समुद्राच्या तळाकडचं थंड, सकस पाणी वर खेचतो. आमच्या शेतात चिखल होतो तेव्हा पलीकडे पाखरांच्या पोटाची सोय होत असते.

हे वाचलं आणि मनात आलं, अगदी आमच्याच घरासारखं. पण लगेच जीभ चावली. ती मादी पिल्लांकडे परतत नाही. आई दर दोन वर्षांनी मे महिन्यात येत असे, आणि दर महिन्याला मनीऑर्डर. माझी फी, बहिणीचं लग्न, डोक्यावरची कौलं, सगळं त्यातलंच. तरीही इतकी वर्षं मी मनात एक अढी धरून होतो. तिने मात्र कधी सफाई दिली नाही.

परवा तिला फोटो दाखवला. विचारलं, ‘आई, तिथे समुद्रावर असे पक्षी दिसायचे गो?’

चष्मा सारखा करत ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘असतीलही. पण मी पक्षी बघायला नव्हते जात रे समुद्रावर.’

पुढे मी काही विचारलं नाही. चहा ठेवायला मीच उठलो.