मामकमधले जेवण आणि आजोबांचा चहा

मुलांकडे क्वालालंपूरला राहायला गेलेल्या वाचकांना ‘मामक’, म्हणजे तमिळ मुस्लिमांचे साधे, रात्री उशिरापर्यंत गजबजलेले उपाहारगृह, ठाऊक असेल. तिथे सारे कुटुंब एका मेजाभोवती बसते. अशा वेळी मधुमेही आजोबांसमोर नुसते कोमट पाणी ठेवून इतरांनी रोटी चनाई खावी, हे मला डॉक्टर म्हणूनही पटत नाही.

रोटी चनाई मैद्याची आणि सढळ तेला-तुपाची. एक पुरे, सोबतची डाळ मात्र वाटीभर घ्यावी. नासी लमाकचा भात नारळाच्या दुधात शिजवतात. त्यावरच्या तिखट सांबलमध्ये बहुधा कोळंबीचा खारवलेला गोळा असतो, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी तो चवीपुरताच घ्यावा आणि शाकाहारी मंडळींनी आधी विचारावे. खरी साखर लपते ती फेसाळ ‘तेह तारिक’मध्ये, त्यात आटवलेले गोड दूध असते. ‘कुरांग मानिस’ म्हटले की गोडी कमी होते, ‘तेह ओ कोसोंग’ म्हटले की दूध-साखर दोन्ही जातात. हे शब्द आजोबांनाच शिकवा. आपला चहा त्यांनी स्वतः मागवावा.

जेवणाआधीची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र घरून घेऊन निघू नये. तिथे एकाचे ताट लगेच येते, दुसऱ्याचे अर्ध्या तासाने. तेवढ्यात साखर उतरून घाम, थरथर, गोंधळलेपण सुरू होऊ शकते. ताट समोर येईपर्यंत थांबावे. वेळेतला हा बदल आपल्या डॉक्टरांशी प्रवासापूर्वीच बोलून घ्यावा. लक्षणे दिसलीच आणि आजोबा पूर्ण शुद्धीवर असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून तत्काळ पाजावी.