लाल काच आणि आमचं सोयाबीन



गेल्या महिन्यात इथं सोयाबीनचा एक फोटो टाकला होता. हिरवंगार रान, निळं आभाळ, कडेला लिंब. बऱ्याच जणांनी 'लय भारी' म्हणून लिहिलं. शेजारच्या काकू मात्र बांधावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बापू, कुणाच्या रानाचा फोटो होता रं त्यो?"

रान आमचंच होतं. पण पानं पिवळी पडली होती आणि खाली पाणी साचलं होतं. पाणी दिसू नये म्हणून मोबाईल वर धरला, मग हिरवा रंग वाढवला. बाकीच्यांच्या पेजवर असतात तसा फोटो झाला. तसं करायला अजून एक कारण होतं, ते पुढं सांगतो.

भाचा पुण्यात फोटोग्राफी करतो. तो आला तेव्हा विचारलं, "अक्षर बघून पत्र कुणाचं ते कळतं, तसं फोटो बघून माणूस कसा कळायचा?" त्यानं मला अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचे फोटो दाखवले. सगळे काळेपांढरे. डोंगर, झाडं, आभाळ. दहा-बारा बघितले आणि पुढचा फोटो त्याचाच आहे हे मला न सांगता कळायला लागलं.

ह्या माणसाचा जन्म 1902 चा. पियानो शिकत होता, त्यातच पुढं जायचं ठरलं होतं. 1916 ला घरच्यांबरोबर योसेमिटी नावाच्या दरीत गेला, हातात साधा डबा कॅमेरा. मग दरवर्षी तिथंच जायला लागला. सुरवातीला तोही त्या वेळच्या चालीप्रमाणं धूसर, चित्रासारखे फोटो काढायचा.

10 एप्रिल 1927 ला अवजड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन तो हाफ डोम नावाच्या उभ्या कड्यासमोर चढला. एका प्लेटवर एकच फोटो निघायचा, आणि शेवटी दोनच प्लेटा उरल्या. पहिली पिवळी काच लावून काढली. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, ह्यात कडा दिसेल, पण आपल्या छातीत जे झालं ते येणार नाही. म्हणून शेवटच्या प्लेटला गडद लाल काच लावली. लाल काचेनं निळं आभाळ जवळजवळ काळं उतरतं. त्या काळ्या आभाळापुढं तो कडा असा उभा राहिला की बघणारा दबून जातो.

मी भाच्याला म्हणलं, "मग त्यानं पण माझ्यासारखाच रंग बदलला की!" तो हसला, म्हणाला, "मामा, तुम्हीच विचार करा."

दोन दिवस चर काढता काढता तेच डोक्यात होतं. मग उमगलं. त्यानं काच लावली ती मनात आलेलं दाखवायला. मी रंग वाढवला तो समोरचं झाकायला. त्यानं आधी ठरवलं आणि मग बटण दाबलं. मी आधी बटण दाबलं, मग लोकांना काय आवडंल ते बघितलं. आणि त्या एका फोटोमागं 11 वर्षांचं जाणंयेणं होतं.

1941 मध्ये न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यानं फोटो काढला. घाईत उजेड मोजायचं यंत्र सापडेना. चंद्राचा उजेड किती असतो ते पाठ होतं, त्यावरनं हिशेब केला. दुसरा फोटो घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. त्या एकाच निगेटिव्हवरनं तो पुढं कित्येक वर्षं छाप काढत राहिला आणि आभाळ अजून काळं करत गेला. बियाणं एकच, पण वय वाढंल तसं पीक वेगळं.

माझीबी ह्या रानात 30 वर्षं गेली. मंगळवारी दिवस मावळताना खालच्या तुकड्यात गेलो. उभ्या शेंगांना कोंब फुटलेत. साचलेल्या पाण्यात आभाळ दिसत होतं. मोबाईल खाली धरला, फोटो काळापांढरा केला, आभाळ जरा गडद केलं. त्या दिवशी ते तसंच अंगावर आलं होतं.

बायको म्हणाली, "हा टाकू नका. पोराचं जमायला लागलंय, पाहुणे पेज बघत्यात." हेच ते दुसरं कारण. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळणं किती अवघड झालंय ते तुम्हाला सांगायला नको. फोटो दोन दिवस तसाच ठेवला. शेवटी पोरगाच म्हणाला, "टाका अण्णा. तिला ह्याच रानात यायचंय."

फोटो खाली दिलाय. काकूंनी लगेच ओळखला.

पाहुण्यांचा फोन अजून नाही. उद्या ऊन पडलं आणि माणसं मिळाली तर वरचा तुकडा काढायला घेतो.