आधी अडचण, मग अक्षर

उपयोजित कलेच्या वर्गात नवा प्रकल्प मिळाला की पहिलं काम ठरलेलं असतं. पिंटरेस्ट आणि बिहान्स उघडायचं, आवडलेली चित्रं गोळा करायची, त्यांचा मूडबोर्ड लावायचा आणि त्याला ‘इन्स्पिरेशन’ म्हणायचं. मी ग्राफिक डिझाइन शिकते आहे आणि या पद्धतीला माझा विरोध आहे. ती आळशी आहे असं मी म्हणणार नाही, मूडबोर्ड मन लावून करायचा तर भरपूर वेळ जातो. पण त्या चित्रांत आपल्याला फक्त उत्तर दिसतं. जागा किती होती, रंग किती परवडत होते, वाचणारा किती लांब उभा होता, हे चित्रासोबत येत नाही. मग दुसऱ्याच्या गणिताचं उत्तर आपण आपल्या गणिताखाली उतरवतो आणि शिक्षकांनी ‘हे असं का?’ विचारलं की गप्प होतो. माझ्या कामांपैकी जी मला स्वतःला पटतात, ती सगळी एखादी अडचण नीट कळल्यावर झाली आहेत. त्यामुळे प्रेरणा शोधायची तर ती अडचणींत शोधावी, या मतावर मी आले आहे.

कमल शेडग्यांचीच अक्षरं घ्या. मराठी नाटकांची शीर्षकं त्यांनी अनेक दशकं रेखाटली, ‘माझी अक्षरगाथा’ हे पुस्तक केलं आणि 2020 साली ते गेले. आपण त्यांच्या अक्षरांना ‘बोलकी’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. ती बोलकी का झाली? वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात म्हणजे चिंचोळा कॉलम, एकच काळी शाई आणि ती शाई पिणारा कागद. नटाचं छायाचित्र लहान करून टाकलं तर छपाईत त्याचा डाग होणार. म्हणजे नाटक ऐतिहासिक आहे, फार्स आहे की कौटुंबिक, हे सांगायचं काम बिचाऱ्या अक्षरांवरच आलं. हे मनाशी ठेवून मी एका काल्पनिक नाटकाची जाहिरात एका कॉलमात, एका रंगात करायला घेतली. तेव्हा कान्याची लांबी, शिरोरेषेतली फट, वेलांटीचा वळसा या गोष्टी सजावट न राहता अभिनय करू लागल्या. त्याच नाटकाचं रंगीत पोस्टर करताना मात्र सगळा भार छायाचित्राने उचलला आणि अक्षरं नुसती कोपऱ्यात उभी राहिली. शेडग्यांच्या वळणांची नक्कल करून मला हे कळलं नसतं.

दुसरं उदाहरण साध्या मथळ्याचं. स्वच्छतेवरच्या पोस्टरसाठी ‘दुर्गंधी’ हा शब्द मोठ्या अक्षरात मांडून बघा. ‘दु’चा उकार ओळीखाली लोंबतो, ‘र्गं’च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात आणि पुढच्या ‘धी’ची वेलांटी त्यांना येऊन टेकते. आता दोन ओळींचा मथळा इंग्रजी टेम्प्लेटच्या घट्ट अंतरात बसवा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली शेपट्या नसतात, म्हणून तिथे ते अंतर शोभतं. आपल्याकडे ते उसनं घेतलं की एक तर मात्रा छाटली जाते, नाहीतर अक्षर बारीक करावं लागतं, आणि मग विद्यार्थी म्हणतो, ‘देवनागरीत मॉडर्न दिसत नाही.’ ही तक्रार मला मान्य नाही. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना हीच अडचण शिशात भेटली होती. मात्रा, रफार, जोडाक्षरं यांमुळे देवनागरीच्या खिळ्यांची संख्या इतकी फुगायची की लोकमान्य टिळकांनीही ती कमी कशी करता येईल यात डोकं घातलं. बापूराव नाईकांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या 1971च्या ग्रंथात असल्या खटपटींचा इतिहास मांडला आहे. मला तो मूडबोर्डपेक्षा जास्त उपयोगी वाटतो, कारण त्यात नुसती अक्षरं नाहीत, अक्षरांना आडवं काय आलं तेही आहे.

आजची कामंही याच नजरेने पाहता येतात. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ फॉन्ट वर्गात सहसा नाक मुरडून पाहिला जातो. पण तो पोस्टरसाठी नव्हताच. संगणकाच्या पडद्यावर, मेन्यूत आणि खिडक्यांच्या पट्ट्यांत, बारीक आकारात वाचता यावं हे त्याचं काम होतं. त्याला लग्नपत्रिकेच्या मापाने मोजणं अन्याय आहे. उलट टोकाला ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’. रेषा इतकी जाड की अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा चिरेएवढी उरते. अक्षर किती फुगवलं तरी वाचता येतं, हा प्रश्न तिथे शेवटपर्यंत ताणलेला दिसतो. दोन्ही फॉन्ट दिसायला एकमेकांपासून कोसभर दूर, पण मला दोन्हींतून एकच शिकायला मिळतं: निर्णय कशामुळे झाला ते विचारायचं.

यावर पहिला आक्षेप येतो की हा सगळा जुन्याचा गहिवर आहे. शिसं गेलं, एकरंगी छपाई गेली, मग त्या अडचणी उकरून कशाला काढायच्या? गहिवराची भीती खरी आहे. रंगवलेल्या दुकानपाट्यांचा आणि ट्रकमागच्या अक्षरांचा ‘देशी लूक’ उचलून कॉफीच्या पाकिटावर चिकटवणं हेही पिंटरेस्टच, फक्त पत्ता मराठी. पण अडचणी संपलेल्या नाहीत, त्यांनी जागा बदलली आहे. मोबाइल ॲपच्या बटणात मराठी शब्दाच्या मात्रा आजही कापल्या जातात. बिस्किटाच्या चकचकीत पुड्यावर गडद रंगात पांढरी ठेवलेली बारीक जोडाक्षरं छपाईत शाईने भरून जातात. ‘कालनिर्णय’ 1973 पासून भिंतीवर आहे. मोठा आकडा लांबून वाचायला, तिथीचा मजकूर जवळून, आणि उरलेल्या जागेत घरातलं कुणी दुधाचे खाडे लिहिणार. ही तिसरी गरज कुठल्याही मूडबोर्डवर सापडणार नाही, स्वयंपाकघरात सापडेल.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. एजन्सीत पोर्टफोलिओ काही मिनिटांत चाळला जातो, तिथे चमक लागते, अडचणींची कहाणी कोण वाचणार? हे मला अर्धं मान्य आहे. पहिल्या नजरेत काम देखणं दिसायलाच हवं आणि त्यासाठी चालू कामं पाहायलाही हवीत. मी मूडबोर्ड बंद करा म्हणत नाही, तो दुसऱ्या आठवड्यात करा म्हणते. शिवाय निव्वळ देखणेपणा आता सॉफ्टवेअर चुटकीसरशी पुरवतं, त्यामुळे त्याचा भाव उतरत जाणार हे उघड आहे. म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. प्रकल्प तपासताना संदर्भचित्रांच्या पानाला जेवढे गुण देता, तेवढेच आणखी एका पानाला द्या. त्यावर विद्यार्थ्याने फक्त एवढंच लिहायचं: हे कुठे छापलं जाणार, कोण किती अंतरावरून वाचणार, खर्च किती आणि कुठलं अक्षर त्रास देतं आहे.