एका पोर्टावर दोन ॲप

राळेगणसिद्धी पर्जन्यछायेतलं गाव. १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले, त्यानंतर नालाबांध, पाझर तलाव झाले आणि विहिरींना पाणी चढलं. ते पाणी मोजून मी वहीत लिहून ठेवतो. पुतण्यानं त्यासाठी एक ॲप करून दिलं, बंधाऱ्यांच्या फोटोंसाठी दुसरं. दोन्ही डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे ॲप आणि त्याला लागणाऱ्या फायली एकत्र, बाकी मशीनपासून अलग. भाड्याच्या सर्व्हरवर दोन्ही सुरू झाली, पण ब्राउझरमध्ये साइटचं नुसतं नाव टाकलं की काहीच उघडेना.

नाव टाकलं की ब्राउझर ८० किंवा ४४३ नंबरच्या पोर्टावरच, म्हणजे मशीनच्या त्या दारावरच, येतो, आणि तिथं एकाच प्रोग्रामला बसता येतं. "काका, पुढं रिव्हर्स प्रॉक्सी लावा," पुतण्या फोनवर म्हणाला. मला तो कळला शेतातल्या बाऱ्यावरून. मोटर एक, पाट एक. दारं धरणारा पाणी या नाहीतर त्या वाफ्यात वळवतो. प्रॉक्सी मागितलेलं नाव बघतो आणि त्या ॲपकडे वळवतो.

त्यासाठी एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर घेतलं, तेही कंटेनरमध्येच. प्रत्येक नावाचा एक 'सर्व्हर' भाग लिहायचा, त्यात 'प्रॉक्सी_पास'पुढे ॲपचा पत्ता. पत्ता टाकला लोकलहोस्ट, पोर्ट ३०००. उत्तर आलं ५०२, बॅड गेटवे. सर्व्हरवर बसून तोच पत्ता मागितला तर ॲप झटकन बोललं! मग एनजिनएक्सलाच ते का सापडेना?

लॉगमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड' होतं. रात्री उशिरा उलगडलं: कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. एनजिनएक्स स्वतःचंच दार ठोठावत होतं. तिन्ही कंटेनर आपण तयार केलेल्या एका डॉकर नेटवर्कवर आणले की कंटेनरचं नावच पत्ता होतं. डॉकर ते स्वतः शोधून देतो. मग ॲपचे पोर्ट बाहेर उघडे ठेवायचीही गरज उरली नाही. ही गोष्ट मला फार आवडली.

फोटो चढवताना ४१३ आलं. एनजिनएक्स मुळात १ मेगाबाइटपर्यंतच घेतं, मोबाइलचा फोटो त्याहून मोठा. 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' वाढवल्यावर बंधारा पडद्यावर दिसला.

आता सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घ्यायचं राहिलंय. मोफत मिळतं, पण मुदतीनं नवं करावं लागतं. पुतण्या म्हणतो ते आपोआप होतं. कसं होतं, ते मला स्वतः करून बघायचंय.